तूट कोणाच्या खात्यावर? : बेस्ट, महापालिका आणि मुंबईची बस

७ ऑगस्ट २०१७ रोजी, ऐन राखीपौर्णिमेच्या दिवशी, मुंबईत बेस्टच्या बसगाड्या आगारांतून बाहेर पडल्या नाहीत. बरोबर सत्तर वर्षांपूर्वी, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, मुंबई महापालिकेने या वाहतुकीचा आणि तिच्या जोडीच्या वीजपुरवठ्याचा कारभार खासगी कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतला होता. संपावर गेलेल्या कामगारांची एक मागणी पगार वेळेवर व्हावा ही होती. दुसरी होती, बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या मुख्य अर्थसंकल्पात विलीन करावा. पहिली मागणी कोणताही कामगार करील. दुसरी हिशेबाच्या वहीतली आहे, आणि तिच्यासाठी ड्रायव्हर-कंडक्टरांना गाड्या उभ्या कराव्या लागल्या, यातच या वादाचे मर्म आहे. शहराची बस केवळ तिकिटाच्या पैशांवर चालत नाही, हे मुंबईत सर्व पक्षांना ठाऊक आहे. तूट आहे की नाही यावर भांडण नाही; ती कोणाच्या खात्यावर लिहायची, यावर आहे.

बेस्टच्या रचनेत वीज आणि बस एकत्र कशा आल्या, हे आधी पाहावे लागते. बॉम्बे ट्रामवे कंपनीची घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जाई, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे तिथेच पोहोचे. १९०५ मध्ये वीजपुरवठा आणि ट्राम या दोन्हींसाठी एकच कंपनी उभी राहिली आणि १९०७ मध्ये विजेवरची ट्राम धावली. ट्रामला वीज हवी होती आणि नव्या वीजकेंद्राला खात्रीचे गिऱ्हाईक हवे होते. जोडी जमली ती इतक्या व्यवहारी कारणाने. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस निघाली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर-दादर मार्गावरची शेवटची ट्राम गेली. ट्राम संपली, पण तिने जमवून दिलेली वीज-वाहतुकीची जोडी टिकली आणि पुढची कित्येक दशके मुंबईच्या बसला तिनेच जगवले.

हे जगवणे कसे चालले, ते नीट पाहण्यासारखे आहे. बेस्टची वीज कुलाब्यापासून शीव आणि माहीमपर्यंत, म्हणजे शहर भागातच आहे. इथे तिचे दहा लाखांहून अधिक ग्राहक आहेत. मोठी हॉटेले, कचेऱ्या, बाजारपेठा सगळे यांतच आले. बस मात्र दहिसर, मुलुंड, मानखुर्दपर्यंत आणि त्यापलीकडे नवी मुंबई, ठाणे, मीरा-भाईंदरपर्यंत जाते. उपनगरांत वीज दुसऱ्या कंपन्यांची. विजेच्या धंद्यातली शिल्लक बसच्या तुटीत घालण्याची पद्धत होती. त्यामुळे काळबादेवीच्या दुकानदाराच्या वीजबिलातून गोवंडीच्या कामगाराची बस चाले. या व्यवस्थेत एक उदारपणा होता आणि एक अन्यायही. उदारपणा असा की बसभाडे गरिबाच्या आवाक्यात राहिले. अन्याय असा की तो भार शहराच्या एका तुकड्यावरच पडला. अंधेरी-बोरिवलीच्या श्रीमंत वीजग्राहकाला त्याची झळ लागली नाही. पण व्यवस्था बिनबोभाट चालली. बेस्टचा कारभार पाहणाऱ्या बेस्ट समितीला दर वर्षी महापालिकेपुढे हात पसरावे लागत नव्हते, आणि नगरसेवकांना बसच्या तुटीवर मतदान करावे लागत नव्हते.

२००३ च्या वीज कायद्याने हा पडदा दूर केला. वीज वितरण करणाऱ्या संस्थेने दुसऱ्या धंद्याचा तोटा वीजग्राहकावर टाकू नये, असा त्या कायद्याचा रोख होता. आधीपासून वीज वाटणाऱ्या स्थानिक स्वराज्य संस्थांना त्याच्या ५१ व्या कलमात सवलत ठेवलेली होती आणि बेस्टने तिचा आधार घेतला. राज्य वीज नियामक आयोगाने परिवहन तूट वसूल करण्यासाठी बिलात वेगळा आकार मान्य केला. पूर्वी विजेच्या दरात मुरलेला पैसा आता बिलावर स्वतःची ओळ घेऊन आला. आपण बस वापरत नाही, तरी तिचा तोटा आपल्या माथी का, हा प्रश्न त्या ओळीनेच ग्राहकाच्या तोंडी घातला. हॉटेलचालकांच्या संघटनेसारखे मोठे ग्राहक न्यायाधिकरणापर्यंत आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. गेल्या दशकाच्या मध्यानंतर ही वसुली थांबली. ज्या खिशातून कित्येक दशके तूट भरली जात होती तो खिसा शिवला गेला, आणि त्याच्या जागी दुसरा कोणता, हे कोणी ठरवले नव्हते.

इथे महापालिकेच्या अर्थसंकल्पाची भाषा कामी येते. महापालिकेच्या मुख्य अर्थसंकल्पाला 'अ' म्हणतात, बेस्टचा 'क'. बेस्टचे महाव्यवस्थापक तो बेस्ट समितीला सादर करतात, समितीकडून तो महापालिकेच्या सभागृहात जातो. 'क' अर्थसंकल्प तुटीचा असू शकत नाही. किमान एक लाख रुपये शिल्लक दाखवावी लागते. म्हणून वर्षानुवर्षे बेस्टचा अर्थसंकल्प एक लाख शिलकीचा होत असे, खरी तूट कितीही असो. वीज विभागाची मदत होती तोवर ही शिल्लक कागदावर तरी जुळवता येई. ती मदत आटल्यावर शेकडो कोटींच्या तुटीचे अर्थसंकल्प पुढे आले. कायद्यानुसार ते मंजूर करता येत नसल्याने सभागृहाने ते परत पाठवले. तूट कमी करून आणा, असे महापालिका सांगे. भाडे वाढवू नका, मार्ग बंद करू नका, असे तेच नगरसेवक सांगत. दोन्ही सूचना एकाच सभागृहातून निघत आणि दोन्ही एकदम पाळणे कोणत्याही महाव्यवस्थापकाला शक्य नव्हते.

त्याआधीच महापालिकेने बेस्टला १,६०० कोटी रुपये दिले होते, पण ते अनुदान नव्हते, १० टक्के व्याजाचे कर्ज होते. आपल्याच उपक्रमाला व्याजाने पैसे देण्यामागे शिस्तीचा विचार असेल. परिणाम मात्र असा झाला की आधीच तुटलेल्या रोकडीतून आधी हप्ता जाऊ लागला आणि नंतर पगार. २०१५ मध्ये दोन टप्प्यांत किमान भाडे ६ वरून ८ रुपये झाले. त्याच सुमारास जवळच्या अंतरासाठी शेअर रिक्षा आणि २०१४ पासून वर्सोवा-घाटकोपर मेट्रो उपलब्ध होती. भाडे वाढले, प्रवासी घटले, फेऱ्या कमी झाल्या, थांब्यावरची वाट लांबली, त्यामुळे आणखी प्रवासी गेले. वाहतूक क्षेत्रातले लोक या चक्राला चांगले ओळखतात. एका मार्गावर दहा मिनिटांनी येणारी गाडी पंचवीस मिनिटांनी येऊ लागली की प्रवासी तिला वाहतूक समजत नाही, नशीब समजतो.

आता राजकारणाकडे. महापालिकेत तेव्हा सत्ता शिवसेनेची, पण आयुक्त राज्य सरकारने नेमलेले आणि नगरविकास खाते राज्याकडे. फेब्रुवारी २०१७ च्या निवडणुकीत शिवसेनेच्या ८४ आणि भाजपच्या ८२ जागा आल्या. राज्यात दोघे एकत्र सत्तेत, महापालिकेत एकमेकांच्या अंगावर. बेस्टचा अर्थसंकल्प 'अ' मध्ये विलीन करण्याचा ठराव सभागृहाने केला, पण त्याच्या अंमलबजावणीसाठी कायद्यात बदल लागतो आणि तो राज्याच्या हाती. ठरावाचे श्रेय महापालिकेतल्या सत्ताधाऱ्यांना घेता आले, अंमल न झाल्याचा दोष राज्यावर ढकलता आला. राज्य आयुक्तांच्या अहवालाकडे बोट दाखवी. आयुक्तांचे म्हणणे असे की आधी बेस्टने खर्च आवळावा, भत्ते गोठवावेत, भाड्याच्या गाड्या घ्याव्यात, मग पैशांचे पाहू. प्रत्येकाची बाजू स्वतःपुरती सुसंगत होती आणि म्हणूनच कोंडी फुटेना. विलीनीकरण झाले तर आपल्या शिलकी तिजोरीत कायमचे छिद्र पडेल, ही प्रशासनाची भीती खोटी नव्हती. अनुदान दर वर्षी मागून घ्यावे लागले तर आपला पगार दर वर्षी राजकारणावर टांगलेला राहील, ही कामगारांची भीतीही खोटी नव्हती. यांत दुसरी भीती अधिक खरी ठरली.

८ जानेवारी २०१९ रोजी संप पुन्हा सुरू झाला आणि नऊ दिवस चालला. बेस्टच्या इतिहासातला हा सर्वांत लांबलेला संप. तीस हजारांवर कामगार, रोजचे सुमारे पंचवीस लाख प्रवासी. मागण्यांत विलीनीकरण होतेच, शिवाय २००७ नंतर कामावर लागलेल्यांना कनिष्ठ वेतनश्रेणीतून बाहेर काढण्याची मागणी होती. एकाच गाडीवर एकच काम करणाऱ्या दोन कंडक्टरांच्या पगारात भरतीच्या तारखेमुळे मोठे अंतर होते. शशांक राव यांच्या नेतृत्वाखालील कृती समिती संपाच्या केंद्रस्थानी होती. महापालिकेतल्या सत्ताधारी पक्षाशी जोडलेल्या युनियनने आधी पाठिंबा दिला आणि लवकरच काढून घेतला. सरकारने मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांमधले संप रोखणारा कायदा, लावला. बेस्टच्या वसाहतींत राहणाऱ्या कामगारांना घरे खाली करण्याच्या नोटिसा गेल्या.

नोटिशीचा हा तपशील जरा थांबून पाहावा. भोईवाड्यासारख्या वसाहतीत दोन-दोन पिढ्या बेस्टमध्ये काढलेली कुटुंबे राहतात. बाप ड्रायव्हर, मुलगा वर्कशॉपमध्ये. पहाटे साडेतीनला पहिल्या पाळीसाठी उठणारे घर, दाराशी वाळत घातलेला खाकी गणवेश, कंडक्टरची चामडी पिशवी खुंटीला. अशा घराच्या दारावर कागद चिकटतो तेव्हा विलीनीकरणाची तांत्रिक चर्चा बायका-मुलांपर्यंत पोहोचते. संपात कामगारांची कुटुंबे रस्त्यावर आली, ती या नोटिसांनंतर. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. अंतरिम वेतनवाढ मान्य झाली, उरलेल्या मागण्यांसाठी निवृत्त न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो यांची मध्यस्थ म्हणून नेमणूक झाली आणि १६ जानेवारीला गाड्या निघाल्या. विलीनीकरणाचा निर्णय झाला नाही.

त्या वर्षीच्या जूनमध्ये बेस्ट आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला. महापालिकेने ६०० कोटींचे अनुदान दिले, बेस्टने भाड्याच्या गाड्या घ्यायच्या, पण स्वतःच्या ३,३३७ गाड्यांचा ताफा राखायचा, असे ठरले. ९ जुलै २०१९ पासून किमान भाडे ८ वरून ५ रुपयांवर आले, पाच किलोमीटरपर्यंत ५ आणि वातानुकूलित गाडीला ६. भाडे वाढवून तूट भरण्याच्या नेहमीच्या वाटेऐवजी भाडे उतरवून प्रवासी परत आणण्याची वाट धरली गेली, आणि ती बरोबर निघाली. सतरा लाखांच्या आसपास घसरलेली रोजची प्रवासीसंख्या काही महिन्यांत तीस लाखांच्या घरात गेली. पाच रुपयांच्या नाण्यांचा इतका पूर आला की पुढे कामगारांना पगाराचा काही भाग रोख नोटा आणि नाण्यांत मिळू लागला. महिनाअखेर पिशवीत नाणी घेऊन जाणारा कंडक्टर हे त्या दिवसांचे खरे चित्र आहे. ती नाणी त्याने स्वतः गर्दीतून, 'पुढे चला, पुढे चला' म्हणत गोळा केलेली होती.

या निर्णयाची दुसरी बाजू भाड्याच्या गाड्यांची, म्हणजे 'वेट लीज'ची. या पद्धतीत गाडी कंत्राटदाराची, ड्रायव्हर त्याचा, देखभाल त्याची. बेस्ट दर किलोमीटरला ठरलेली रक्कम देते आणि तिकिटाचे पैसे स्वतःकडे ठेवते. कागदावर हिशेब सोपा दिसतो, कारण स्वतःच्या गाडीचा आणि स्वतःच्या ड्रायव्हरचा खर्च किलोमीटरला जास्त पडतो. पण हा फरक आला कुठून? बराचसा ड्रायव्हरच्या पगारातून, आणि थोडा देखभालीतून. डिझेल आणि वेतन महागले, किलोमीटरचा दर परवडेनासा झाला, तेव्हा काही कंत्राटदारांनी काम मध्येच सोडले आणि त्यांच्या गाड्या एका रात्रीत रस्त्यावरून गेल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी ड्रायव्हर कमी पगारासाठी संपावर गेले आणि आठवडाभर शेकडो गाड्या बंद राहिल्या. बेस्टच्या स्वतःच्या कामगाराशी वाटाघाट करायला बेस्ट होती. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत बेस्ट म्हणे कंत्राटदाराला विचारा, कंत्राटदार म्हणे दर वाढवा. शेवटी प्रश्न मुख्यमंत्र्यांपर्यंत गेला. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात भाडेतत्त्वावरची विजेची बस गर्दीत घुसली आणि माणसे मेली. त्यानंतर ड्रायव्हरच्या प्रशिक्षणाचा प्रश्न सर्वांच्या तोंडी आला. प्रशिक्षणालाही पैसा लागतो, आणि तो किलोमीटरच्या दरात कुठेतरी धरलेला असावा लागतो.

३,३३७ गाड्यांचे वचन या काळात वितळत गेले. २०१० च्या सुमारास चार हजारांहून अधिक असलेला स्वतःचा ताफा एक हजाराच्या खाली आला. जुनी गाडी भंगारात जाण्याचा दिवस नियमाने ठरलेला असतो, नवी घेण्याचा दिवस अनुदानावर अवलंबून असतो. गाडी घेणे ही भांडवली बाब, तिला एकरकमी पैसा लागतो आणि तिचे उद्घाटन फक्त एकदा होते. भाड्याच्या गाडीचा खर्च दरमहा वाटला जातो आणि कोणत्याही एका वर्षात डोळ्यांत भरत नाही.

पैसा खरोखर नव्हता का? महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. त्यात बेस्टसाठी १,००० कोटी. मुदत ठेवी ८० हजार कोटींच्या आसपास किंवा त्याहून अधिक अशा आकड्यांत गेली काही वर्षे फिरत आहेत. प्रशासनाचे उत्तर असे की यांतला मोठा भाग भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन, कंत्राटदारांच्या अनामत रकमा आणि आधीच हाती घेतलेल्या प्रकल्पांसाठी बांधलेला आहे. उत्तर रास्त आहे. तरीही याच तिजोरीतून सुमारे १४ हजार कोटींचा, साडेदहा किलोमीटरचा सागरी किनारा मार्ग झाला. त्यावर टोल नाही. त्या रस्त्याच्या खर्चाला कोणी तूट म्हणत नाही, त्याच्या देखभालीसाठी मोटारमालकाला 'आपला खर्च आपण काढा' असे कोणी सांगत नाही. रस्ता ही सेवा ठरली आणि बस हा धंदा ठरला. हा भेद 'अ' आणि 'क' अशा दोन वह्यांतून आला आहे. महापालिकेने २०१२-१३ पासून बेस्टला एकूण ११ हजार कोटींहून अधिक रक्कम दिली, हेही खरे. ही रक्कम एकदम आणि नियमाने दिली असती तर तिच्यातून ताफा उभा राहिला असता. तुकड्यातुकड्याने, प्रत्येक वेळी संकटानंतर दिल्याने तिच्यातून फक्त मागची देणी फिटली.

दुसरी वाट पुण्यात पाहायला मिळते. १९ ऑक्टोबर २००७ रोजी पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या परिवहन सेवा एकत्र करून पीएमपीएमएल ही कंपनी झाली. संचलन तुटीतला ६० टक्के वाटा पुणे महापालिकेचा, ४० टक्के पिंपरी-चिंचवडचा असे सूत्र ठरले. इथे तुटीला मालक आहे, तेही दोन. वाद तरीही संपला नाही, फक्त बदलला. पिंपरी-चिंचवडचे नगरसेवक विचारतात की ४० टक्के पैसे आमचे, मग ४० टक्के गाड्या आमच्या रस्त्यांवर का दिसत नाहीत. पण हा वाद अधिक निरोगी आहे. त्यात तूट मान्य करूनच बोलणे सुरू होते आणि भांडण सेवेच्या वाटपावर होते. मुंबईत भांडण अजून त्या पायरीपर्यंतच आलेले नाही. एसटीच्या कामगारांनी २०२१-२२ मध्ये कित्येक महिने संप केला, त्यांचीही मुख्य मागणी विलीनीकरणाचीच होती. शब्द तोच, तिजोरी राज्याची.

मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. बेस्ट समितीही उरली नाही. अर्थसंकल्प सादर करणारे, तपासणारे आणि मंजूर करणारे सगळे सरकारी अधिकारीच झाले. समितीतले भांडण कितीही कंटाळवाणे असले तरी तिथे कुठल्या मार्गाची गाडी बंद झाली हे नोंदवले जाई, आणि विक्रोळीच्या किंवा मालवणीच्या नगरसेवकाला महाव्यवस्थापकांना जाब विचारता येई. तो जाब विचारणारे कोणी नसताना भाड्याचा मोठा निर्णय झाला.

९ मे २०२५ पासून किमान भाडे ५ वरून १० रुपये झाले, वातानुकूलित गाडीचे ६ वरून १२. पहिली ट्राम निघाली त्याच तारखेला, १५१ वर्षांनी. दोन बस बदलून कामावर जाणाऱ्या आणि तशाच परतणाऱ्या घरकामगार बाईला दिवसाला चार तिकिटे लागतात. तिचा रोजचा खर्च २० रुपयांवरून ४० झाला, महिन्याच्या सव्वीस दिवसांचा ५२० वरून १,०४०. पास काढला तर तो कमी होतो, पण पासाचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला एकरकमी हातात असावे लागतात. वीजग्राहकाने सोडलेली, महापालिकेने पूर्णपणे न स्वीकारलेली आणि राज्याने टाळलेली तूट अशा रीतीने तिकिटाच्या खात्यावर लिहिली गेली. विलीनीकरणाचा ठराव आजही सभागृहाच्या कागदपत्रांत आहे.